रुवीच्या ऑफिसात काढलेलं चर्च

ड्रॉइंग ऑफिसात कागदांपेक्षा किस्से जास्त साठतात. कागद निदान प्रोजेक्ट संपल्यावर फेकता येतात! ओमानमधल्या आमच्या रुवीच्या ऑफिसातले निम्मे किस्से तर एकाच इमारतीचे, आणि ती इमारत त्या देशात नाहीच.

२०१४च्या सुमारास आमचा बॉस ग्रॅहम सुट्टीवरून येताना इंग्लंडमधल्या त्याच्या गावच्या चर्चची मापं आणि फोटो घेऊन आला. चर्च नऊशे वर्षांचं. दुरुस्तीसाठी ड्रॉइंग्ज हवी होती. काढणार कोण? पुण्याचा मी, आणि शेजारच्या टेबलावरचा कुडाळचा सावंत. तोवर आम्ही जवळच्या अल अमेरात गावातल्या व्हिलांपलीकडे काही काढलं नव्हतं!

*

सावंतने दोन दिवसांत प्लॅन तयार केला. ग्रॅहम बघतच राहिला. त्या चर्चात एकही भिंत दुसरीला काटकोनात नाही. सावंतने सगळ्या सरळ करून टाकल्या होत्या.

"सावंत, ही भिंत नऊशे वर्षं वाकडी उभी आहे!"

"तेच ना सर. कोणीतरी लक्ष घालायला नको?"

*

फोटोंवर ग्रॅहमने लिहिलेलं: नॉर्मन दार, नॉर्मन खांब, नॉर्मन कमान. एका कमानीची उंची सावंतला काही सापडेना.

"सर, ह्या नॉर्मनचा मोबाइल नंबर द्या. डायरेक्ट विचारतो."

नॉर्मन म्हणजे कॉन्ट्रॅक्टर नव्हे, फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणारे लोक, आणि ते जाऊन कित्येक शतकं झाली, हे ग्रॅहमने शांतपणे समजावलं.

सावंत हळहळला. "म्हणजे वॉरंटी खलास!"

*

आमचा सर्व्हेअर सैद निझवाचा, किल्ला बघत वाढलेला. चर्चच्या जाडजूड भिंती आणि चिंचोळ्या खिडक्या बघून त्याने विचारलं, "आमच्या किल्ल्यात असतं तसं, शत्रूवर उकळता खजुराचा पाक ओतायचं भोक कुठंय?"

ग्रॅहम म्हणाला, "अरे, चर्च आहे. हल्ला कोण करणार?"

"मग भिंती एवढ्या जाड कशाला?"

"प्रवचन संपायच्या आत कोणी पळू नये म्हणून!"

*

एका भिंतीत मात्र खरंच भोक होतं, तिरकं. कडेला बसलेल्यांना त्यातून वेदी दिसायची. सावंतला आयडिया फारच पटली. आठवड्यात आमच्या प्लायवुडच्या पार्टिशनला तसंच भोक पडलं, थेट बॉसच्या केबिनच्या दिशेने. सावंतने डोळा लावला, तर पलीकडे ग्रॅहमचा डोळा!

"यल्ला, सावंत. काम."

*

सगळ्यात शेवटी टॉयलेट. चर्चात ते नव्हतंच. ग्रॅहमच्या म्हाताऱ्या आईने त्यापायी चर्चला जाणंच सोडलं होतं. घरात एकटी बसायची. हे ग्रॅहमने एकदाच सांगितलं. त्या दिवसापासून सावंत डबासुद्धा स्क्रीनसमोरच खायला लागला.

पण तो टॉयलेटसाठी जागा सुचवायचा आणि तिथल्या पाद्रीबुवांचं उत्तर यायचं: तिथे खाली सरदार पुरलाय. इथे? सरदाराची बायको. कोपऱ्यात? जुने पाद्री.

सावंत माझ्यावर डाफरला, "जित्ती माणसां खंय बसतत, ता इचार मरे त्येंका!"

शेवटी घंटेच्या टॉवरच्या तळाशी जागा मिळाली. खाली कोणीही नव्हतं.

बांधकाम झालं, आणि एका रविवारी ग्रॅहमने आईला ऑफिसातून फोन लावला. स्पीकरवर. आम्ही सगळे भोवती. सावंत नखं खात उभा.

"आई, जाऊन आलीस? कसं आहे?"

"छान आहे रे. मी कडी लावली, बसले, आणि वर आठही घंटा सुरू झाल्या. ग्रॅहम, एवढ्या माझ्या लग्नातसुद्धा वाजल्या नव्हत्या!"