सगळ्यांना बसणारा निळा कोट

आर्णीत शहजादभाईंचा फोटो स्टुडिओ आहे आणि तालुक्यातले बरेचसे मयत पुरुष तिथूनच टायकोट घालून भिंतीवर गेले आहेत. रेशनकार्डावरचा, नाहीतर एखाद्या लग्नाच्या गर्दीतला चेहरा कापायचा, मोठा करायचा आणि कॉम्प्युटरमधल्या तयार निळ्या कोटावर बसवायचा. माझे सासरे जन्मभर बंडी-धोतरावर वावरले, तेही त्याच कोटात आहेत. मला आधी राग आला होता. पण सासूबाई त्या फोटोकडे बघून अशा काही लाजल्या की मी तोंड बंद ठेवलं.

हे चेहरे दीपा बसवते. ती आमच्याच गावची, सकाळी आम्ही एकाच ऑटोने आर्णीला जातो. मिटलेले डोळे उघडणं, गालावरचा डाग पुसणं, सगळं ती इतक्या हळुवारपणे करते की बघणाऱ्यालाच झोप यावी.

मे महिन्यात शहजादभाई भाचीच्या लग्नाला बुऱ्हाणपूरला निघाले. दुकानाची चावी आणि लॅपटॉप दोन्ही तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "दीपा, दुकान खोलायचं तं खोल, नाही तं घरूनच कर. फोटो तं सारे मोबाइलवरच येतात. तेरी मर्जी."

बाहेर आग पडत होती, ऑटोत माणसं कोंबलेली, आणि घरी कूलर. मी असते तर चावीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. दीपाला मात्र काही सुचेना, कारण तिच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी तिचे बाबा धर्मपाल याच निळ्या कोटात आहेत.

धर्मपाल जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. ते गेले तेव्हा दीपा शाळेत होती. फोटो काकाने करून आणला आणि तो कसा केला हे इंदूबाईला, म्हणजे दीपाच्या आईला, कोणी सांगितलंच नाही. तिने आपल्या मनाने धरलं की लग्नाआधी हा माणूस एकदा यवतमाळला गेला, कोट घालून फोटो काढला, आणि लाजेपायी आपल्याला बोलला नाही. तेव्हापासून ती त्या दिवसात जाऊन बसते. दुपारी फोटोसमोर पाय पसरले की डोळे अर्धे मिटतात आणि त्या दिवसात काहीतरी नवीन भरत जातं. फोटोवाल्याने चहा पाजला असेल. बाहेर बाभळीखाली सायकल लावली असेल. "लय उकडलं असन त्याईले," ती म्हणते, "पहाय, कॉलर गळ्याले कशी लागून राह्यली."

स्टुडिओत लागल्याच्या पहिल्या दिवशी दीपाला तो कोट कॉम्प्युटरमध्ये सापडला. ती आधी हसली, मग मागच्या नळावर जाऊन रडली. त्या दिवसापासून तिने एकही काम घरी नेलं नव्हतं. आई कोणाच्या घरी फारशी जायची नाही, पण तोच कोट तिने घरातच दुसऱ्या कोणाच्या अंगावर पाहिला, तर यवतमाळचा तो दिवस संपला.

म्हणून तिने चावी उचलली. पण सकाळी इंदूबाईने तिचा हात धरला. "एक दिवस तं राय घरी. दिवसभर भिंतीसंगंच बोलतो मी."

आईचं मन तिला मोडवेना. ती राहिली. आईची खाट समोर आणि स्क्रीन आपल्याकडे, अशी बेताने बसली. महागावच्या बाबूसिंगांचा चेहरा आला होता, मोठ्या मिशांचा. कूलरची घरघर, अंधारलेली खोली, खाटेवर आईचा डोळा लागलेला. दीपाने हळूच कोट उघडला आणि बाबूसिंगांची मान त्यात बसवायला घेतली. ती त्यात इतकी रमली की खाट रिकामी झालेली तिला कळलंच नाही.

"दीपा."

आई ताकाचा गिलास घेऊन पाठीशी उभी होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"हा तं तुह्या बाबाचा कोट हाय."

"हाव, माय."

इंदूबाई ताक खाली ठेवून दीपाच्या शेजारी टेकली.

"म्हंजे त्याईनं यालेबी देल्ला," ती म्हणाली. "तसेच होते ते. जो सायकल मांगे त्याले सायकल देत. वापस कधी मांगतच नसत." आणि ती चक्क हसली. "कोन हाय हा?"

"महागावचे बाबूसिंग. परवा वारले."

"मंग कॉलर थोडी सैल कर त्याची. उकडते त्या कोटात."

दीपाने कॉलर सैल केली. शहजादभाईंना मेसेज टाकला, उद्याही घरूनच करते. तोवर इंदूबाई भिंतीपाशी गेली होती. तिने खिळ्यावरून फोटो उतरवला, पदराने काच पुसली आणि तो लॅपटॉपशेजारी आणून ठेवला.

"आता तुह्या बाबाचीबी सैल कर."