भावोजींनी पिंपात टाकलेली जागा

भावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधाचे रिकामे खोके धुऊन, कापून, सपाट करून वाळत घालत होते. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात इतकी वर्षं काढली की हात आपोआप कचरा वेगळा करतात. पुण्याहून ताई म्हणाली, "हे गेले गं सकाळी. कोणाला त्रास दिला नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "मला दिला की आयुष्यभर." पलीकडे ताई खुदकन हसली... आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. मीही ओट्याला टेकून रडून घेतलं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, श्रीधरराव. दोन हजार सालानंतर आयटीवाल्यांची कुटुंबंच्या कुटुंबं टोकियोत उतरायला लागली, त्यात आम्हीही होतो. पाठोपाठ भावोजींची बदली आपल्या सरकारच्या इथल्या कचेरीत झाली. मी मनात म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी आपला कुठेतरी वशिला झाला. पहिल्याच आठवड्यात मी सुचवलं, कचेरीच्या गाडीतून ताईला आमच्याकडे सोडा. म्हणाले, "गाडी सरकारची आहे, बायको माझी आहे. ती ट्रेनने येईल." आणि ताई खरंच आली ट्रेनने, दोन वेळा चुकीच्या स्टेशनवर उतरून. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आमची रेवा तेव्हा सहा वर्षांची. नवऱ्याचं प्रोजेक्ट कधी संपेल याचा नेम नाही. उद्या पुण्याला परतायची वेळ आली, तर जपानी शाळेत गेलेली पोर तिथे दुसरीत बसून करणार काय, या विचाराने माझी झोप उडाली होती. आमच्या भागात तेव्हा भारतीय मुलांसाठी एक नवी शाळा निघत होती. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. प्रवेश समितीवर सरकारचा माणूस म्हणून भावोजी, आणि त्यांच्या मर्जीच्या म्हणून दोन जागा राखलेल्या. त्यातली एक मागायला भारतातल्या एका मंत्र्यांच्या पीएचा फोन आला. मंत्र्यांचा पुतण्या योकोहामात नोकरीला होता, त्याच्या मुलासाठी. दुसरी मी मागितली. दोन जागा, दोन ओळखी, यात कुणाला काय अडचण असावी? माझ्या हिशेबाने तर प्रश्न आपसूकच सुटला होता.

भावोजी पीएला म्हणाले, अर्जाचा नंबर सांगा. मलाही तेच. पीए गोड आवाजात म्हणाला, "साहेब, टोकियोची थंडी तुम्हाला मानवत नाही असं ऐकलं. बदलीचं बघायचं का?" मी एवढी सभ्य नव्हते. मी सरळ ताईला कामाला लावलं. ताईने आठवडाभर आमटीत मीठ घातलं नाही. ते निमूट जेवले. आठव्या दिवशी म्हणाले, "डॉक्टरांनी मीठ कमीच सांगितलंय, बरं झालं." अशा माणसापुढे कोणी काय डोकं फोडणार?

आणि मग त्यांनी ते पिंप आणलं. इथे स्टेशनजवळच्या बाजारगल्लीत वर्षअखेरीला सोडत असते. लाकडी पिंपाचा दांडा फिरवायचा, आतून टपकन एक गोळी पडते. रंगीत आली तर बक्षीस, पांढरी आली तर टिश्यूचं पाकीट. टोफूवाल्या आजोबांकडून भावोजींनी ते मागून आणलं, आणि पिंप एकटं कसं पाठवायचं म्हणून आजोबाही आले, हातात पितळी घंटा घेऊन. शाळेचा हॉल आईबापांनी खच्चून भरलेला. भावोजी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "माझ्या मर्जीच्या दोन जागा आहेत. एक एका माननीयांनी मागितली आहे. दुसरी माझ्या मेहुणीने. त्या समोरच बसल्या आहेत, निळ्या साडीत. मला यात न्यायाने निवडता येणार नाही, म्हणून या दोन्ही जागा सगळ्यांबरोबर पिंपात टाकतो." लाल गोळी म्हणजे प्रवेश; तशा आणखी दोन त्यांनी सर्वांना दाखवून आत सोडल्या. अख्खा हॉल वळून माझ्या साडीकडे बघत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं, पण जपानात धरणी नुसतीच हलते.

लाल गोळी पडली की आजोबा घंटा बडवून अभिनंदन ओरडायचे. पुतण्याने दांडा फिरवला, पांढरी. मी फिरवला... पांढरी. आजोबांनी सवयीने दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, मला टिश्यूचं पाकीट दिलं. ते मी तिथेच बसून संपवलं.

मंत्र्यांचं खातंच बदललं, त्यामुळे भावोजींची बदली राहून गेली. माझा राग मात्र राहिला. रेवा घराशेजारच्या जपानी शाळेत गेली. भावोजी दर शनिवारी तिला मराठी आणि गणित शिकवायला यायला लागले. "शनिवार माझा स्वतःचा आहे, सरकारचा नाही," म्हणाले. मी चहा द्यायचे आणि चहाबरोबर टोमणे. "तुमच्यामुळे पोरीचं वाटोळं झालं." ते मान डोलवायचे, "खरंय, खरंय," आणि रेवाला विचारायचे, सात आठे किती. ती छप्पन जपानीत सांगायची. निवृत्त होऊन पुण्याला गेल्यावरही शनिवारचा त्यांचा फोन चुकला नाही, आणि माझं भांडणही.

आता एक गोष्ट लिहून टाकते, जी मी ताईलाही सांगितली नव्हती. वर्षभरातच त्या शाळेत एक जागा रिकामी झाली आणि प्रतीक्षा यादीत आमचाच नंबर होता. वशिल्याशिवाय, रीतसर. रेवाला विचारलं तर ती म्हणाली, "इयादा." नको. पुढच्या आठवड्यात तिची वर्गाला जेवण वाढायची पाळी होती, डोक्यावर पांढरी टोपी घालून, आणि ती सोडून ती कुठेही जायला तयार नव्हती. पोर सुखात होती, हे मला आधीच दिसत होतं. मी नकाराचं पत्र शाळेच्या ऑफिसात पाठवलं आणि गप्प बसले. भावोजींना सांगितलं तर भांडू कशावर? कधीतरी सांगू, म्हटलं. राहून गेलं... याचीच टोचणी मला ते गेल्यापासून महिनाभर लागली होती.

गेल्या आठवड्यात मोरी-सान भेटायला आल्या. त्या प्रवेश समितीचं टिपण लिहायच्या. चहा घेताना मी त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं. त्या गोंधळून म्हणाल्या, "पण तुमचं पत्र बैठकीत श्रीधर-साननीच तर वाचून दाखवलं." वाचता वाचता हसून हसून त्यांना चष्मा काढावा लागला होता म्हणे.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तरी इतकी वर्षं, शनिवारमागून शनिवार, माझी बोलणी खात बसले. मी विचारलं, मग मला बोलले का नाहीत कधी? मोरी-सान म्हणाल्या, आम्ही तेव्हाच विचारलं होतं, आता मेहुणीला सांगणार ना? आधी म्हणाले, बैठकीतलं बाहेर सांगायचं नसतं. मग कागद घडी करून फाइलला लावताना हळूच म्हणाले, "आणि या देशात तिला भांडायला हक्काचं दुसरं कोण आहे?"