अजिंठ्याच्या वाटेवरचा पिवळा दिवा

निवृत्तीनंतर गाडी शिकलेल्या बाईनं साताऱ्याहून अजिंठ्यापर्यंत स्वतः गाडी चालवत जायचं, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं. मुलगा समीर तर म्हणाला, "आई, ड्रायव्हर घेऊन जा. वाटेत काही झालं तर मलाच यावं लागेल, आणि मग पुन्हा लांबचा प्रवास नाही." मी हट्टाला पेटले. शेजारच्या नलूला बरोबर घेतलं आणि निघाले.

पहिला मुक्काम वैजापूरला, माझ्या चुलत दिरांकडे, बापूभावजींकडे. बाजरीची भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) अशी जेवले की दुपारी गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी निघताना आमच्या ओट्या भरल्या, डिकीत कांद्याची गोणी चढली. या निरोपाच्या धांदलीत रोजच्यासारखं बॉनेट उघडून बघणं राहून गेलं.

संभाजीनगर जवळ आलं तशी गाडी कुरकुरायला लागली. चढावर ओढेना, सिग्नलला थरथरून बंद पडली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मागच्या रिक्षावाल्यानं भोंगा वाजवून माझा उद्धार केला. समीरचं वाक्य खरं होणार की काय?

कशीबशी शहरातल्या उस्मानपुऱ्यात पोचले. तिथल्या गॅरेजचे मालक सलीमभाई मोठे बोलके. यंत्र जोडून त्यांनी बिघाडाचा कोड वाचला. "मावशी, व्हॉल्व्हच्या टायमिंगचा लोचा हाय. वेगाप्रमानं व्हॉल्व्ह लवकर-उशिरा उघडायला पायजे, तुमचे लई सुस्तावलेत."

हे काम इंजिन ऑइलच्या दाबावर चालतं आणि तो दाब एक छोटी झडप सोडते, हेही त्यांनी दाखवलं. तशा दोन सारख्या झडपा होत्या. त्यांनी त्यांची अदलाबदल करून पाहिली. कोड झडपेबरोबर दुसऱ्या जागी गेला नाही, म्हणजे झडपा निर्दोष.

"मग व्हॉल्व्ह फिरवणारी चेनच," ते म्हणाले. "इंजिन खोलावं लागंल. चार दिवस तर पकडा. तुमी टॅक्सीनं अजिंठा करून या ना!"

टॅक्सी! मला रडूच यायचं राहिलं. नलू समोरच्या खानावळीत नान खलिया (मोठी नरम रोटी आणि मटणाचा रस्सा) खात बसली होती. तिला माझं दुःख कळत होतं, पण रस्साही सुटत नव्हता.

रागानं मीच बॉनेटपाशी गेले आणि तेल मोजायची पट्टी ओढली. ती पाहून चमकले. दिवाळीआधी बदललेलं तेल एव्हाना काळपट झालेलं. घरून निघताना मी स्वतः पाहिलं होतं. हे मात्र मधासारखं पिवळंधमक, आणि थेंब पट्टीला चिकटून लोंबत होता.

"सलीमभाई, हे माझं तेल नाही!"

त्यांनी थेंब बोटांवर चोळला. "या अल्ला, हे तर लई जाड हाय, म्हनूनच व्हॉल्व्ह सुस्तावलेत. कुनी घातलं?"

मी वैजापूरला फोन लावला. बापूभावजी खुशीत होते. "व्हय वहिनी, मीच बदललं! तुमी झोपल्या व्हत्या ना, तवा. जुनं काळं झालं व्हतं. ट्रॅक्टरसाठी आनलेलं नवंकोरं, एक नंबर तेल घातलं. पाव्हण्यांच्या वट्या भरायच्या आन् गाडीला तसंच धाडायचं व्हय? बरं दिसत नाय ते."

गाडीचीसुद्धा ओटी भरली होती या माणसानं! मी रागावणार होते, पण हसूच फुटलं. त्यांना एवढंच म्हटलं, "भावजी, गाडी खूश आहे."

सलीमभाईंनी ते घट्ट तेल पूर्ण काढलं, फिल्टर बदलला, गाडीला चालणारं पातळ तेल भरलं आणि कोड पुसला. "चालवून बघू," ते म्हणाले आणि स्टिअरिंगकडे निघाले. मी आडवी आले. "मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."

हर्सूलपर्यंत गेलो. सिग्नलला इंजिन शांत, चढावर ओढ भरपूर, दिवा विझलेला. यंत्रावरच्या आकड्यांकडे बघत सलीमभाई ओरडले, "बराबर! एकदम बराबर! मावशी, जावा बिनधास्त!" मी भर रस्त्यात टाळी वाजवणार होते, पण हात स्टिअरिंगवर हवे होते.

लेण्यांजवळच्या फर्दापूरला मुक्काम केला. सकाळी गाडी तिथंच ठेवून बसनं लेण्यांपाशी गेलो. पहिल्या लेण्याच्या अंधारात डोळे सरावले आणि भिंतीवर तो कमळधारी बोधिसत्त्व दिसला, मान किंचित झुकवून उभा. मी तिथं फार वेळ थांबले. इथवर मी स्वतः आले होते, आणि त्या आनंदानं छाती भरून आली होती.

साताऱ्याला परतलो तेव्हा समीर दारातच उभा होता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, ओरखडा शोधला, सापडला नाही. तेलाची हकीकत तोंड उघडं ठेवून ऐकली. मग जरा घुटमळत म्हणाला, "आई, पुढच्या वेळी मी पण येऊ?"

"ये की," मी म्हटलं. "पण मागं बसावं लागेल. पुढं नलू बसते."