मशीन ऐकायलीय

जिंतूरला आमच्या शेजारी पोस्टातले एक कारकून राहायचे. मेव्हण्यानं आखातातून आणलेला छोटासा कॉम्प्युटर ते घरच्या टीव्हीला जोडायचे. त्याचे खेळ कॅसेटींत भरलेले असत. टेप लावली की नुसती किरकिर ऐकू यायची, आणि ती पुरी झाल्यावरच पडद्यावर खेळ उमटायचा. तेवढा वेळ ते पंखा बंद ठेवायचे आणि आलेल्या माणसाला दारातच थांबवायचे.

"गप बसा जरा, मशीन ऐकायलीय."

आपल्या बोलण्यानं त्यात काही बिघडत नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं.

"तुमच्या बोलन्यात कुनी मधीच बोललं तर तुमाला चालतंय का?"

पुढं व्होल्टेज वाढून तो कॉम्प्युटर जळाला. ते खेळ दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरवर चालत नव्हते. म्हणून गाणी भरायला मी त्या कॅसेटी मागितल्या, तर त्यांनी मला बाजारातून कोऱ्या आणून दिल्या.

एका रविवारी गेलो तेव्हा टीव्ही बंद होता आणि टेप किरकिरत होती. मी तोंड उघडताच त्यांनी हात वर केला. कॅसेट संपेपर्यंत आम्ही दोघं घाम पुसत बसून राहिलो. मग त्यांनी उठून पंखा लावला.

"हं, बोला आता."