मैदानाची फट आणि गुळाचा चुना

नव्या कोऱ्या बांधकामात कुणी मुद्दाम फट ठेवतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी ती डोळ्यांनी पाहिली, आणि पाहिली तेव्हा हबकलेच.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरला जाताना सणसरच्या अलीकडं. पन्नास सालानंतरची गोष्ट. उसाला पाणी मिळालं, गावाच्या हाती चार पैसे खेळायला लागले, आणि गावानं कुस्त्यांचं मैदान बांधायला काढलं. साधंसुधं नाही. भोवती गोल सिमेंटच्या पायऱ्या, हजारो माणूस बसेल एवढ्या, आणि पायऱ्यांच्या पोटात पैलवानांची तालीम. गवंडीकाम माझ्या नवऱ्याकडं होतं. मी दुपारची भाकरी घेऊन जायची ती कुंपणापर्यंतच. आत तांबडी माती, आत मारुती, बाईनं पाऊल टाकायचं नाही.

कुंपणावरून दिसलं की वरपासून खालपर्यंत पायऱ्या उभ्या चिरल्यात. अंगठा जाईल एवढी फट, अगदी सरळ.  नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "इंजिनेर साहेबानं सांगितलंय ठेवायला. खाली पत्रा हाय, त्यावर सुतळी. वरून डांबर वतायचं, म्हंजी पाणी तालमीत उतरत न्हाय." डांबराचं काम बारामतीच्या एका माणसाकडं होतं. उंच, मितभाषी, लांब दांड्याची लोखंडी पळी सदा खांद्यावर. मला वहिनी म्हणायचा. त्यानं पत्रा बसवला, डांबरात भिजवलेली सुतळी ठासली, आणि वर ओतायचं डांबर संपलं म्हणून पिंप आणायला बारामतीला गेला. तेव्हा डांबर मिळायला महिना-दीड महिना लागायचा.

आणि जत्रा आली आठ दिवसांवर.

आता तुम्हीच सांगा. देवाची पालखी मैदानात यायची, आणि माझ्या नवऱ्याचं काम असं उभं फाटलेलं. बाया पाणवठ्यावर बोलायला लागल्या. "गवंड्याच्या हाताला काय झालं गं?" माझं डोकं सटकलं. माझं माहेर बावड्याचं, बाप चुन्याची घाणी चालवायचा. गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी आणि मळलेला चुना. बाप म्हणायचा, फुटकी भिंत देवाला दाखवू नये, आणि चुन्यात गूळ मुरला की दगडानं दगडाचा हात धरला. मी घरी चुना मळला. भर दुपारी, सगळी माणसं जेवायला गेलेली असताना, पदर खोचून आत शिरले.  वरपासून खालपर्यंत फट भरली, बोटानं दाबली, ओल्या फडक्यानं पुसली. इतकी सुरेख झाली की माझं मलाच कौतुक वाटलं. नवऱ्यानं पाहिलं. त्याला वाटलं, डांबरवाल्यानं जाता जाता तात्पुरतं लिंपलंय. मी त्याला तसंच वाटू दिलं. जत्रा थाटात झाली.

वैशाखातल्या एका दुपारी मैदानातून आवाज आला. सुरुंग उडावा तसा. धावत कुंपणाशी गेले तर फटीच्या कडेची पायरी उचलली जाऊन फुटली होती, ढलप्या खाली पडल्या होत्या. चार दिवसांनी वळीव झाला आणि पाणी थेट तालमीत, कुस्तीच्या हौद्यातल्या मातीवर. ताक, तेल, हळद घालून पैलवानांनी मुरवलेली ती माती. तिचा चिखल झाला.

साहेब आले. मी कुंपणाशी उभी होते, त्यांचं बोलणं कानावर पडलं. "उन्हात सिमेंट फुगतं. त्याला फुगायला जागा म्हणून ही फट. हिच्यात दगडासारखं काही भरलं की ते एकमेकांना रेटणार आणि फुटणार. कुणी भरलं हे?"

 दगडासारखं पक्कं व्हावं म्हणूनच तर मी गूळ जास्त घातला होता.

नेमका त्याच वेळी डांबरवाला पिंप घेऊन गाडीतून उतरला. मग काय, सगळे त्याच्यावर तुटून पडले. डांबर विकून खाल्लंस आणि चुना भरलास, म्हणाले. तो एवढंच म्हणाला, "मी न्हाय भरला." माझा नवरा म्हणजे जमदग्नी. त्यानं त्याच्या खांद्यावरची पळी ओढली आणि तालमीच्या दारातून आत, चिखलात भिरकावली. "चोर हायस तू. चल नीघ गावातनं." सगळा गाव बघत होता. तो माणूस एकदा पळीकडं बघून पायी निघून गेला. आणि मी कुंपणाशी पदर तोंडात धरून उभी. आजही त्या उभ्या राहण्याची मला लाज वाटते.

दोन दिवस घास उतरेना. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला वाढता वाढता सांगून टाकलं. तो भाकरी हातात धरून तसाच बसला. मला वाटलं, आता ताट फेकणार. पण तो हळूच म्हणाला, "तू केलंस?" आणि परत तेच, "तू?" मग न जेवताच उठला, सायकल काढून बारामतीला गेला. दिवेलागणीला एकटाच परत आला.

"न्हाय येत म्हणतो. चोर गावासमोर म्हणालात, तर गावासमोर सांगा. त्याला आता कुणी काम देईना झालंय, बातमी तिथवर गेलीय." सायकल भिंतीला टेकवत म्हणाला, "मी सांगतो, मीच भरली म्हणून."

"मग तुमाला कोण काम देईल?" मी म्हटलं. "केलं मी, सांगणार बी मीच. त्यांना फकस्त या म्हणावं."

बाजारच्या दिवशी पंच मैदानात बसले होते. डांबरवाला दाराशी उभा होता. मी कुंपण ओलांडलं, डोक्यावर पदर घेऊन त्या फुटक्या पायरीवर जाऊन उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, बाई कशी आली आत. मी म्हटलं, "आदी बी आले हुते. ही फट मी भरली. ह्या डांबरवाल्यांनी न्हाय."

 मग पंचांतले थोरले आबा हसले. "नवऱ्यानं भरली असंल, त्याला वाचवाय बोलतीया बिचारी. बाईमाणसानं मळलेला चुना सिमेंट फोडतो व्हय?" आणि सगळे हसायला लागले. मी जीव मुठीत धरून आले होते आणि हे हसत होते. खरं बोलूनही कुणी खरं मानत नाही, हा धक्का मला आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा बसला. मग माझा राग उसळला. खाली वाकले, पडलेल्या चुन्याचा खडा उचलला आणि आबांच्या तळहातावर ठेवला. "चाखा."

आबांनी माझ्याकडं बघत खडा जिभेला लावला. हसू मावळलं.

"गोड हाय," ते म्हणाले.

"बावड्याचा चुना हाय, आबा. माझ्या बापाचा. हितं दुसऱ्या कुणाला येत न्हाय."

सगळ्यांनी माना वळवून दाराकडं पाहिलं. मला वाटलं, सुटलो आपण. पण डांबरवाला जागचा हलला नाही. माझ्याकडं नाही, माझ्या नवऱ्याकडं बघत म्हणाला, "माझी पळी."

पळी अजून हौद्यातच होती. चिखल वाळून तिच्यावर घट्ट बसला होता. कुणी हात लावला नव्हता. ज्या माणसानं जन्मात कुणापुढं मान वाकवली नव्हती, तो माझा नवरा तालमीत उतरला, नखांनी माती उकरून पळी काढली, आपल्या फेट्याच्या शेवानं पुसली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

त्यानं ती घेऊन खांद्यावर टाकली. फटीशी आला, चुन्यावर बोट फिरवलं.

"काम झकास केलंय वहिनी," म्हणाला, "आता काढा सगळं."

तीन दिवस लागले. छिन्नी माझ्याच हातात होती, आणि बापाचा चुना निघता निघेना.