द्वारकाकाकूंचा पक्का मोर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्या द्वारकाकाकू रोज सकाळी दारापुढे रांगोळी काढतात. कालची पुसायची, आजची काढायची. पूर्वी त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. हल्ली गॅस बंद केला की नाही हे त्यांना आठवत नाही. मी कधी शर्मिला असते, कधी "अहो समोरच्या". पण चिमटीत रांगोळी आली की हात अडखळत नाही.

मला काळजी करायला कारण लागत नाही, इथे तर ते आयतं मिळालं. माझी सृष्टी त्यांच्याच घरी वाढली. उद्या काकूंचा हातही विसरला, तर तिच्यासाठी काय उरणार? मी फोटो काढले. मग फोन हरवला तर, ही काळजी. शेवटी पाडव्याला त्यांनी सुरेख मोर काढला, तेव्हा दुपारी गुपचूप त्यावर वॉर्निशचा स्प्रे मारला.

"आई, मलाही लॅमिनेट करून ठेव," सृष्टी म्हणाली. मी एम.ए. झालेली बाई, कशाला ऐकते!

सकाळी काकू ओलं फडकं घेऊन आल्या. मोर हलेना.

"हे कोणी काढलंय?"

"तुम्हीच की, काकू."

"मी शिळी रांगोळी ठेवीन दारात?" मग हळूच म्हणाल्या, "दुसरी कुणी ठेवली असेल माझ्या जागी, तर तसं सांगायचं तरी."

रांगोळीचा डबा घेऊन त्या आत गेल्या. त्यानंतर सकाळी दार उघडेचना. काकूंचे यजमान ज्ञानदेवकाका जिन्यात भेटले. म्हणाले, "उठून करू काय, असं विचारते. काय सांगू?"

मग मी थिनर आणि घासणी घेऊन काकूंच्या दारात बसले. वरच्या मजल्यावरचे आप्पासाहेब थबकले. "वहिनी, नवस बोललात का?" मोर पक्का होता, कंपनीने जाहिरातीत खोटं सांगितलं नव्हतं. पिसाऱ्यातला एक डोळा तेवढा ठेवावा, असं फार वाटलं.

"आई," सृष्टी एवढंच म्हणाली. तोही घासला.

वासाने असेल, दार उघडलं. काकूंनी ओरखडलेली फरशी बघितली.

"वाट लावलीत फरशीची. सरका."

त्या डबा घेऊन बसल्या. एक रेघ वाकडी गेली, ती अंगठ्याने पुसून त्यांनी पुन्हा ओढली. माझा हात फोनकडे गेला.

"बसायचं तर बसा," काकू मान वर न करता म्हणाल्या, "उजेड अडवू नका."