पेरांवरचे सात

पुण्यात एका शाळेत मी नऊ वर्षं मानसशास्त्रज्ञ होते. नवऱ्याच्या नोकरीमागे फ्रँकफर्टला आले आणि माझी पदवी मान्यतेच्या कागदांत अडकली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! पाळणाघरात मदतनीस व्हा, शाळेत एखाद्या मुलाच्या सोबतीला बसा, असे पर्याय नोकरीच्या कार्यालयातल्या सल्लागार सुचवायच्या. कामं वाईट नव्हती. पण मला माझंच काम हवं होतं आणि मी घरी येऊन भांडी आपटायचे.

शेवटी मुलांच्या एका समुपदेशन केंद्रात तीन महिन्यांचं प्राक्टिकुम मिळालं, म्हणजे उमेदवारीच. ती संपल्यावर मला ठेवायचं की नाही, हे तिथल्या वरिष्ठ बाई ठरवणार होत्या.

शेवटच्या आठवड्यात एक मराठी आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला पहिलीत घालायचं की वर्षभर थांबवायचं, एवढाच प्रश्न होता. मुलगी जर्मन बोलायला लाजत होती. म्हणून बाईंनी टेबलावर सात ठोकळे मांडले आणि किती आहेत ते बोटांनी दाखवायला सांगितलं. तिने हात पुढे केला, अंगठा मधल्या बोटावर टेकवला आणि गप्प बसली. बाईंनी लिहिलं, ‘मोजत नाही, बोटांशी चाळा करते.’

टेबलाखाली माझाही अंगठा तिथेच होता. करंगळीची तीन पेरं, शेजारच्या बोटाची तीन आणि मधल्याचं पहिलं. सात!

बाहेर आईने मला गाठलं. "ताई, थांबवणार का हो हिला? मैत्रिणी सगळ्या पुढे जातील."

मी बाईंच्या दाराकडे पाहिलं. लहान तोंडी मोठा घास, आणि तोही जिच्या हाती माझी नोकरी, तिच्यासमोर. मग विचार करत उभं राहिल्याचीच मला लाज वाटली आणि मी आत गेले.

"तिने बरोबर मोजलं," मी म्हणाले आणि माझा हात पुढे करून पेरं दाखवली.

बाईंनी स्वतःचा अंगठा बोटांवरून चालवून पाहिला. "आल्झो, म्हणजे एका हातावर बारा? आणि मी जन्मभर दोन्ही हात वापरतेय!"

त्यांनी मुलीला परत बोलावलं. नऊ ठोकळे, मग अकरा. दरवेळी त्या चष्मा वर करून तिच्या अंगठ्याकडे बघायच्या आणि "गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणून टेबलावर थाप मारायच्या. मुलगी हसायला लागली. दुसऱ्या कुणी मला गप्प बसवलं असतं. या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी त्यांनी अहवाल माझ्यापुढे ठेवला. मुलीला पहिलीत घालावं, असं त्यात होतं. आपली आधीची ओळ बाईंनी खोडली नव्हती. तिच्याखाली लिहिलं होतं, ‘ही चूक माझी. माझ्या सहकारी बाईंनी ती दाखवून दिली.’

उमेदवार हा शब्द कुठेच नव्हता. शेवटी सहीसाठी दोन रेघा होत्या आणि त्यातली एक बाईंनी माझ्यासाठी कोरी ठेवली होती.